गाडी आप्पांची, रस्ता कोणाचा? मोबिलिटी स्कूटरवर पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्यांसाठी

आमच्या आप्पांची मोबिलिटी स्कूटर, म्हणजे नीट चालता न येणाऱ्याने बसून न्यायची बॅटरीवरची छोटी गाडी, पहिल्यांदा फाटकाबाहेर आली तेव्हा गल्लीत दोन तट पडले. समोरच्या काकू म्हणाल्या, ‘‘फूटपाथनेच न्या बाई, रस्त्यावर डंपर अंगावर येतात.’’ कोपऱ्यावरचा पानटपरीवाला तिथूनच ओरडला, ‘‘फूटपाथ शे कोठे, आप्पा? जो शे त्यानावर मनीच टपरी शे!’’ (फूटपाथ आहे कुठे? जो आहे त्यावर माझीच टपरी आहे!) आप्पा मधे बसलेले, किल्ली फिरवलेली, पुढे जायचं की आत वळायचं ते ठरेना.

आप्पांनी उभा जन्म जळगावातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये दिवाणजी म्हणून काढला आणि सगळा काळ सायकल चालवली. अर्धांगाचा झटका आल्यावर डावा पाय ओढत चालायची वेळ आली. माझा भाऊ इंग्लंडात, लेस्टरला असतो. तिथल्या शेजारच्या आजीबाई रोज अशाच गाडीवर भाजी आणायला जातात हे बघून त्याने हट्टाने ही घ्यायला लावली. गाडी आली, पण ती चालवायची कुठून हे खोक्यातल्या पुस्तिकेत नव्हतं. दीड वर्षात धडपडत जे कळलं ते इथे लिहिते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कोणी नवीन गाडी घेत असेल तर त्याची निम्मी धडपड वाचेल.

उत्तर आधीच सांगून टाकते. चालत्या माणसाच्या वेगाने जाता तोवर तुम्ही पादचारी, वेग वाढवला की तुम्ही वाहन. चाकं किती आहेत याला फारसं महत्त्व नाही. आणि आपल्याकडे फूटपाथ दर पन्नास पावलांवर तुटतो, त्यामुळे ‘फूटपाथ की रस्ता’ हे एकदा ठरवून भागत नाही. ठरवायचं ते कुठे चढायचं आणि कुठे उतरायचं.

पहिलं काम: आपली गाडी कोणती ते ओळखा

लोक चार वेगवेगळ्या गाड्यांना सरसकट ‘अपंगांची गाडी’ म्हणतात. कायद्यात त्या एका रांगेत बसत नाहीत.

एक, बॅटरीची खुर्ची. हाताखाली जॉयस्टिक असते. दोन, मोबिलिटी स्कूटर. तीन किंवा चार छोटी चाकं, पुढे उभा दांडा, त्यावर हँडल, बाजूला वळणारी सीट आणि टोपली. तीन, शिबिरात मिळते ती बॅटरीवरची ट्रायसिकल, बहुतेक वेळा कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची. आणि चार, साइड व्हील लावलेली नेहमीची स्कूटर, जी आपल्या भागात सगळ्यात जास्त दिसते.

चौथीबद्दल शंका नको. ती मोटार वाहन आहे, तिची जागा रस्त्यावरच. लायसन्स हवं, नोंदणी हवी, विमा हवा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये अशा गाडीला आधी ‘इनव्हॅलिड कॅरेज’ म्हणत, २०१९ च्या दुरुस्तीने त्याचं ‘अडॅप्टेड व्हेईकल’ झालं. लायसन्सवरही हा वेगळा वर्ग आहे. घरची जुनी स्कूटर गॅरेजवाल्याकडे नेऊन अर्ध्या दिवसात साइड व्हील बसवून घेतात आणि विषय संपला असं समजतात. तो संपत नाही. हा गाडीतला बदल आहे, त्याला कलम ५२ खाली परवानगी लागते आणि तो आरसी बुकावर चढवावा लागतो. एमएच १८, १९ किंवा ३९, पाटी कुठलीही असो, आरटीओची ही फेरी टाळू नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं पान आरसीचंच उघडते.

उरलेल्या तिघींचा फैसला मोटरवर होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीच्या वाहनांना एक सूट आहे: मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, शिवाय ब्रेक, वजनाची मर्यादा, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. या अटी पुऱ्या आहेत असं मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून दिलं असेल, तर ती गाडी कायद्याने ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. मग नोंदणी नाही, लायसन्स नाही.

‘मान्यताप्राप्त संस्थेने तपासून’ हे शब्द दुकानदार गाळतो. आम्हालाही ‘‘ताई, हिला काहीच लागत नाही’’ एवढंच सांगितलं होतं. तुम्ही त्या चाचणी प्रमाणपत्राची झेरॉक्स मागा. मोटरवर चिकटवलेली पट्टी स्वतः वाचा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वेग कमी आहे म्हणून ताकदही कमीच असेल असं समजू नका. चढावर माणूस ओढायला बनवलेल्या गाड्यांत मोटर मोठी असू शकते.

इंग्लंडातला नियम आपल्याला किती कामाचा

भावाने फोनवर तिकडचा नियम समजावला तेव्हा हेवा वाटला. तिथे या गाड्यांचे वर्गच पाडलेत. वर्ग दोनची गाडी ताशी ४ मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर, आणि ती फूटपाथची. वर्ग तीनची गाडी रस्त्यावर ताशी ८ मैलांपर्यंत जाऊ शकते, पण फूटपाथवर चढली की तिनेही ४ मैलांवर यायचं. वर्ग तीनची नोंदणी करावी लागते, लायसन्स मात्र कोणालाच लागत नाही. गंमत म्हणजे त्यांची ही नियमावलीही १९८८ चीच, आपल्या मोटार वाहन अधिनियमाच्याच वर्षाची. त्यांनी त्या वर्षी या गाडीसाठी वेगळं पान लिहिलं. आपल्याकडे मोबिलिटी स्कूटर नावाचा वेगळा वर्ग नाही.

२०१७ च्या वाहनचालन विनियमांनुसार फूटपाथवर गाडी घालायला मनाई आहे, ती मोटार वाहनाला. जी गाडी मोटार वाहनच नाही, ती साडेसहाच्या वेगाने फूटपाथवरून जात असेल तर तिला ही मनाई लागत नाही असं मी समजते. आणि खरं सांगायचं तर दीड वर्षात एकाही पोलिसाने आप्पांना अडवलेलं नाही. उलट एका चौकात हवालदारसाहेबांनी हात करून सगळी वाहतूक थांबवली, आणि आप्पा एवढे लाजले की त्यांची गाडी चौकाच्या मधोमध बंद पडली.

इंग्लंडातून घ्यायची ती ही वेगाची फोड. आप्पांच्या गाडीवर वेगाचं गोल बटण आहे, एका टोकाला कासव, दुसऱ्या टोकाला ससा. फूटपाथवर कासव, रस्त्यावर त्याच्या थोडं पुढे. आमच्या घरी ससा गोष्टीतही हरतो आणि गाडीवरही त्याला बंदी आहे.

दुसरं काम: थांबायला शिका

शिकवताना सगळे पुढे कसं जायचं ते शिकवतात. आधी थांबणं शिका.

या गाडीच्या हँडलखाली आडवी पात्यासारखी खटकी असते. आमच्या गाडीत उजव्या बाजूने दाबली की पुढे, डाव्या बाजूने दाबली की मागे. सोडली की गाडी आपोआप थांबते, कारण आतला विजेचा ब्रेक लागतो. थोडक्यात, थांबायचं तर हात सोडायचा. आता ज्याने पन्नास वर्षं सायकल चालवली त्याचा हात उलटा शिकलेला असतो. धोका दिसला की मुठी आवळायच्या. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी अंगणात मांजर आडवं आलं म्हणून दोन्ही मुठी करकचून आवळल्या. उजवा हात मजबूत, डावा झटक्याने अशक्त. गाडी सुसाट पुढे गेली आणि तुळशी वृंदावनाला धडकली. मांजर वाचलं. वृंदावनाचा एक कोपरा अजून तसाच उडालेला आहे.

म्हणून तीन संध्याकाळी एवढंच करा. शाळेचं पटांगण किंवा मोकळा प्लॉट गाठा, बटण कासवावर ठेवा, बरोबरच्याने मधेच ‘‘सोडा!’’ म्हणायचं आणि बसलेल्याने बोटं उघडायची. विचार न करता बोटं उघडायला लागली की मग मागे घेणं, मग वळण. झटक्याच्या पेशंटला एक हात कमजोर असेल तर पुढे जायची खटकी चांगल्या हाताकडे येते का हे विकत घेतानाच विचारा. काही गाड्यांत ती बाजू बदलून मिळते.

मागे एक छोटा दांडा असतो, गाडी बंद पडली तर ढकलता यावी म्हणून. तो ओढला की मोटर सुटते आणि ब्रेकही सुटतो. उतारावर, माणूस बसलेला असताना, त्याला हात लावायचा नाही. घरातल्या पोरांना हे पहिल्या दिवशी सांगा, नाहीतर ती नक्की ओढणार.

तिसरं काम: टेप घेऊन रस्ता पायी चाला

हे काम कोणी करत नाही, आणि सगळं याच्यावरच अवलंबून आहे. जिथे रोज जायचं, दवाखाना, बाजार, देऊळ, पारावरची बैठक, तिथवर एकदा पायी जा. हातात टेप आणि वही.

फूटपाथ कसा असावा याचं माप इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे: चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. उताराचं प्रमाण एकास बारा. म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १८० सेंटिमीटर लांब रॅम्प लागतो. हा हिशोब पाठ करा, कारण दुकानदार ओट्याला लोखंडी फळी टेकवून ‘‘या, रॅम्प केलाय’’ म्हणतो तेव्हा ती फळी हातभर लांब असते. तिच्यावर गाडी चढवली तर पुढचं चाक हवेत जातं आणि माणूस मागे. आमच्या गल्लीपासून भाजीबाजारापर्यंत मी सहा ठिकाणी फूटपाथची उंची मोजली. एकही जागा १५ च्या आत नव्हती, एके ठिकाणी तर चांगली २३ निघाली.

वहीत काय लिहायचं? फूटपाथवर चढायला उतार कुठे आहे आणि पुढे उतरायला कुठे. हे दोन्ही सापडलं तरच तो तुकडा वापरायचा. चढायला आहे पण उतरायला नाही, असा फूटपाथ म्हणजे उंदराचा पिंजरा. आप्पा एकदा असेच शे-दीडशे पावलं आत गेले, पुढे विजेची डीपी आडवी, वळायला जागा नाही, आणि सगळा तुकडा मागे मागे घेत बाहेर यावं लागलं. खुर्चीला जागच्या जागी वळायला दीड मीटर मोकळी जागा लागते. स्कूटरला तर दांड्यामुळे आणखी पुढे-मागे करावं लागतं.

गटारावरचे ढापे बघा. फुटका ढापा, डुगडुगणारा ढापा, दोन ढाप्यांमधली फट. लोखंडी जाळीचे गज चाकाच्या दिशेने असतील तर छोटं चाक त्यात बरोबर जाऊन बसतं. दुचाक्या घुसू नयेत म्हणून लावलेले खांब बघा, त्यांच्यामधून ९० सेंटिमीटर मोकळे मिळाले पाहिजेत. दुकानांच्या पाट्या, रसवंतीची बाकडी, पाण्याचे जार यांची वेळही लिहा. सकाळी सातला जो फूटपाथ मोकळा असतो, तो अकराला नसतो.

वेळ हीच आपल्याकडची खरी वाट आहे. आठवडे बाजाराचा दिवस वगळा. शाळा सुटण्याची वेळ वगळा. श्रावणात कानबाई देवी उठवायच्या, म्हणजे विसर्जनाच्या सोमवारी आणि कार्तिकी एकादशीला रामाच्या रथाच्या दिवशी जुन्या जळगावात गाडी काढूच नका, त्या दिवशी चालणाऱ्यालाही पाय टेकायला जागा नसते. दर्शन घ्यायचंच असेल तर कोणाच्या तरी ओट्यावर आधीच जाऊन बसायचं.

धुळेकरांना मात्र एक सोय आहे. १८१९ च्या सुमारास इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने शहराची नवी वस्ती आखली ती सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची. त्यामुळे आग्रा रोड भरला असेल तर शेजारची नंबरवाली गल्ली धरून समांतर पुढे जाता येतं. माझी मावशी तिथे असते. तिच्याकडे आप्पांना नेलं की ते आग्रा रोड फक्त ओलांडतात, त्यावरून जात नाहीत.

फूटपाथवर

फूटपाथवर आपण पाहुणे. चालणाऱ्याचा हक्क पहिला. हॉर्न नको, घंटी लावा, सायकलची टिंग-टिंग लोकांना ओळखीची असते आणि ऐकून कोणी दचकत नाही. मागून म्हाताऱ्या माणसाच्या टाचेला गाडी लावू नका, ही गाडी माणसासकट दीडशे किलोच्या पुढे सहज जाते.

चढताना-उतरताना कठड्याला सरळ काटकोनात. तिरकं गेलात की एक चाक वर, एक खाली आणि गाडी कलंडते. तीनचाकी तर लवकरच. चढताना अंग पुढे झुकवा. उतारावर वळायचं नाही, आधी सपाटीवर या, मग वळा.

फूटपाथ दुकानाच्या सामानाने अडला असेल तर भांडू नका, निदान पहिल्या दिवशी तरी. ‘‘दादा, जरा बाकडं सरकवा, रोज या वेळेला येतो आम्ही’’ असं सांगितलं की चौथ्या दिवसापासून बाकडं आधीच सरकलेलं असतं. वेळ ठरलेली ठेवायचा हाही एक फायदा.

रस्त्यावर

जिथे फूटपाथ नाही, म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी, तिथे डाव्या कडेने, वाहतुकीच्या दिशेने. पायी चालणाऱ्याला समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजवीकडून चालायला सांगतात. ते चाकांच्या गाडीला लागू करू नका. समोरून येणाऱ्याला तुम्ही कुठे वळणार ते कळत नाही आणि तुम्हाला पटकन बाजूला होता येत नाही.

डावी कड म्हणजे अगदी टोक नव्हे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्यामुळे डांबराच्या कडेला साइडपट्टी खचलेली असते. चाक त्या खचीत उतरलं की गाडी कलते. टोकापासून हात-दीड हात आत राहा. मागच्याने हॉर्न वाजवला म्हणून घाबरून कडेला पळू नका. त्याला थांबू द्या.

उभ्या गाडीला वळसा घालायचा असेल तर आधी पूर्ण थांबायचं, मागे बघायचं, हात दाखवायचा, मग निघायचं. दोन्ही बाजूंना आरसे लावून घ्या, सायकलच्या दुकानात मिळतात.

आता सगळ्यात महत्त्वाची खरेदी सांगते. ती झेंडा. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर येतं. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या केबिनमधून जवळचं एवढं खालचं दिसत नाही. दिवाळीपासून पुढे कापसाच्या गाड्या बाहेर झुकेपर्यंत भरलेल्या असतात, रावेर-यावलकडे केळीचे ट्रक असतात. मागच्या बाजूला लवचिक काठी आणि तिच्यावर नारिंगी फडकं, उभ्या माणसाच्या डोक्यावर दिसेल एवढं उंच. आप्पांना आधी लाज वाटली. ‘‘मी काय दिंडीला निघालोय?’’ म्हणाले. मग भाजीवाल्याने ‘‘झेंडा दिसला की आप्पा आले कळतं’’ म्हटल्यावर खूश. संध्याकाळी मागे लाल रिफ्लेक्टर आणि अंगावर फिक्या रंगाचा सदरा. अंधार पडल्यावर नकोच.

कुत्री चाकामागे धावतात. पळवायला जाऊ नका, हात सोडा, थांबा. थांबलेल्या चाकात कुत्र्याला रस नसतो.

हायवे, फाटक, भुयारी मार्ग

राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे आपला जुना सहा नंबर, जळगावच्या मधून जातो. त्यावर ही गाडी चालवायची नाही. साइड व्हीलच्या स्कूटरवाल्यांनीही जिथे समांतर रस्ता आहे तिथे तोच धरावा. समांतर रस्त्यासाठी जळगावकर किती वर्षं भांडले हे ज्याला आठवतं, तो तो वापरायला विसरणार नाही. महामार्ग ओलांडायचा तर वरून नाही, भुयारी मार्गाने, आणि सोबत कोणीतरी हवंच, कारण उतार लांब आणि आत गाड्या वेगात. पावसाळ्यात आधी माणूस पाठवून पाणी साचलंय का बघा.

रेल्वे फाटकावर रूळ आणि रस्ता यांच्यात फट असते. छोटी चाकं तिथे काटकोनातच न्यायची, आणि फाटक पडायची घंटी झाली असेल तर अलीकडेच थांबायचं. ही गाडी घाई करू शकत नाही. सातपुड्याकडचे, तोरणमाळचे घाट वगैरे विचारू नका. गाडी टेम्पोत घाला आणि वर जाऊन चालवा.

ऊन, पाऊस, बॅटरी

एप्रिल-मे मध्ये सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच गाडी घरात. पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा काळ्या सीटचा आणि तिच्या लोखंडी हातांचा चटका बसतो हे तर आहेच. झटका आलेल्या माणसाला आपण तापलोय हे उशिरा कळतं, ते जास्त वाईट. पाण्याची बाटली टोपलीत, उपरणं डोक्याला.

उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत थंड होऊ द्या. पत्र्याच्या शेडखाली ठेवू नका. आणि कंपनी वीस किलोमीटर सांगते तेव्हा दहाच धरा, त्यातले पाच जायचे आणि पाच यायचे. आप्पा दोनाच्या वर जात नाहीत, कारण परत येताना कोणी ना कोणी ‘‘आप्पा, कथा चालनात?’’ (कुठे चाललात?) म्हणून थांबवतं, मग चहा, मग आणखी एक वळसा.

पावसात सगळ्यात आधी दांड्यावरची बटणं भिजतात. दुधाची मोठी पिशवी कापून हँडलवर चढवली की काम भागतं. चिखल चाकात बसला तर ओल्या फडक्याने पुसा, पाइपने धुवू नका. मोटर आणि कंट्रोलर सीटखाली असतो.

कागद आणि पैसे

गाडी घ्यायच्या आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढा. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, आणि बहुतेक योजनांना ४० टक्क्यांची अट असते. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. झटक्यानंतरचा पेशंट सुधारत असेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र देतात, त्याची मुदत वहीत लिहून ठेवा.

दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडीआयपी योजनेत तीव्र अपंगत्व असलेल्या १६ वर्षांवरच्या व्यक्तीला बॅटरीची ट्रायसिकल किंवा खुर्ची मिळू शकते, उत्पन्नाची मर्यादा असते. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, तीत साधी खुर्ची, काठी, वॉकर वगैरे मिळतं. आणि ग्रामपंचायत असो की महापालिका, स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. हे बऱ्याच गावांत अजून माहीतच नसतं. ग्रामसेवकाला तोंडी विचारू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या.

रॅम्पसाठीही अर्जच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलंय की फूटपाथ वापरणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि ते दिव्यांगांना वापरता येतील असेच हवेत. अर्जात हे एक वाक्य घाला. त्याहून जास्त उपयोग झाला तो फोटोचा. माझा पहिला अर्ज ‘फूटपाथ फार उंच आहे’ असा होता, त्याचं काहीच झालं नाही. दुसऱ्याला कठड्याशी टेप उभी धरून काढलेला फोटो जोडला, त्यात २३ चा आकडा स्पष्ट दिसत होता. पाच महिन्यांनी माणसं आली, दोन फुटके ढापे बदलून गेली. रॅम्प अजून व्हायचाय. तिसरा अर्ज दिलाय.

एक राहिलंच. टोपलीला पुठ्ठ्यावर घरचा फोन नंबर लिहून लावा, मोठ्या अक्षरात. आणि टायर, चार्जर, बॅटरी गावात कोण दुरुस्त करतं हे गाडी घेण्याआधी शोधा. आमचं सायकलवाल्याने आणि इन्व्हर्टरवाल्याने मिळून भागवलं.

आता आप्पा रोज साडेपाचला निघतात. पहिला तुकडा रस्त्याने, मधला फूटपाथने, शेवटचा पुन्हा रस्त्याने. कोपऱ्यावर घंटी वाजली की पानटपरीवाला पुढचं बाकडं उचलून आत घेतो, आप्पा गेले की परत बाहेर ठेवतो. टपरी आहे तिथेच आहे.